ब्रेडेड दोऱ्याला बांधलेला लूर (नकली आमिष) मासा लागताच सुटतो. कोणती गाठ मारावी?

तुम्ही लिहिलंय की 30 पौंडी (तेवढा ताण सोसणाऱ्या) ब्रेडेड म्हणजे विणलेल्या दोऱ्याला तंगुसाला (नायलॉनच्या एकसंध दोऱ्याला) मारतो तीच पाच-सहा वेढ्यांची क्लिंच गाठ मारता, हाताने ओढून पाहिली की घट्ट वाटते, आणि खाडीत जिताडा लागला की दुसऱ्या हिसक्याला लूर जातो.

आधी रिकाम्या परत आलेल्या दोऱ्याचं टोक बघा, ते बरंच काही सांगतं. टोकाला बारीक नागमोडी वळणं असतील आणि तुम्ही कात्रीने कापलेली कड तशीच शाबूत असेल, तर दोरा तुटलेला नाही, गाठ सरकून सुटली आहे. टोक पिंजल्यासारखं, लव सुटलेलं असेल तर ते कातळावर किंवा कालवांवर घासलंय. आणि आधी कसलीही घासण नसताना एकदम साफ कापल्यासारखं असेल तर दातांचं काम.

तुमच्या बाबतीत गाठ सरकली असणार. ब्रेडेड दोरा पॉलिएथिलीनच्या धाग्यांचा असतो. तो गुळगुळीत असतो आणि जवळजवळ ताणलाच जात नाही. तंगूस ओढल्यावर वेढे एकमेकांत दबून रुततात, इथे ते नुसते घसरतात.

माझं स्पष्ट मत असं की ब्रेडेड दोरा लूरला थेट बांधूच नये. मध्ये 1 ते दीड मीटर 40 पौंडी फ्लोरोकार्बनचा (एकसंध प्लास्टिक दोऱ्याचा) लीडर, म्हणजे दोरा आणि लूर यांना जोडणारा वेगळा तुकडा, घाला. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, आणि ताणलेला ब्रेडेड दोरा तिच्यावर नुसता टेकला तरी जातो. लीडर त्या मानाने पुष्कळ घासण सोसतो.

लीडरला लूर बांधायची गाठ फासाची घ्या, म्हणजे लूर मोकळा डुलतो. लीडरच्या टोकापासून 25 सेंटिमीटरवर एक साधी गाठ मारा, पण आवळू नका. टोक लूरच्या नेढ्यातून ओवा. आता तेच टोक सैल गाठीतून मागे काढा, पण ज्या बाजूने ते गाठीतून बाहेर पडलं होतं त्याच बाजूने आत घाला. इथेच निम्मे लोक चुकतात. मग मुख्य लीडरभोवती 4 वेढे द्या (50-60 पौंडी असेल तर 3 पुरे) आणि टोक पुन्हा त्याच बाजूने साध्या गाठीतून आणा. साधी गाठ नेढ्याच्या जितकी जवळ सरकवाल तितका फास लहान होतो. करंगळीच्या नखाएवढा फास ठेवा. फार मोठा ठेवला तर पुढचा गळ त्यात अडकतो.

आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी गाठ झटक्यात ओढली की घर्षणाने तापते, आणि तिथे लीडर पांढुरका, कुरकुरीत दिसू लागतो. असं दिसलं की गाठ कापून नव्याने मारा. ओली करून आधी टोक हलकेच ओढा म्हणजे वेढे शेजारी-शेजारी बसतात, मग पक्कड लावून लूर एका बाजूला आणि लीडर दुसऱ्या बाजूला संथपणे ताणा. वेढा वेढ्यावर चढला असेल तर ती गाठ ठेवू नका, कितीही घट्ट वाटली तरी. टोक 2-3 मिलिमीटर ठेवून कापा.

लूरच्या नाकावर आधीच स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी छोटी कडी) असेल तर फासाची गरज नाही, रिंगच त्याला डुलू देते. फक्त दोरा रिंगच्या जोडाच्या टोकावर बसलेला नाही ना, ते बघा. ते टोक दोरा कापतं.

लीडर नसेल आणि थेट बांधणं भागच असेल तर पालोमर गाठ मारा. 15 सेंटिमीटर दोरा दुहेरी करून नेढ्यातून ओवा, त्या दुहेरी दोऱ्याची सैल साधी गाठ मारा, आणि पुढे राहिलेल्या फासातून अख्खा लूर बाहेर काढा. तीन गळांचे गुच्छ लावलेला मोठा लूर असेल तर फासही तेवढा मोठा लागतो, घाईत गळ अडकतो आणि बोटातही शिरतो. ओली करून दोन्ही धागे एकदम ओढा. फास नेढ्याच्या पलीकडे जाऊन बसला पाहिजे, नेढ्यावरच अडकला तर ती गाठ कमजोर. ब्रेडेडचं टोक 4-5 मिलिमीटर ठेवा. लायटरने जाळू नका, पॉलिएथिलीन थोड्या उष्णतेतही वितळतं आणि गाठीचं नुकसान होतं.

लीडर आणि ब्रेडेडचा जोड दुहेरी युनी गाठीने करा. दोन्ही टोकं 20 सेंटिमीटर एकमेकांवर ठेवून प्रत्येकाचा फास करायचा आणि त्यातून दोन्ही धाग्यांभोवती वेढे द्यायचे. ब्रेडेडचे 8, लीडरचे 4. दोन्ही सारखेच दिले तर ब्रेडेडची बाजू सरकते. ही गाठ जाड होते, म्हणून फेकताना जोड रॉडच्या टोकाच्या कडीबाहेर लटकू द्या. आत रीलवर गेला तर प्रत्येक फेकीला कड्यांवर आपटतो आणि तिथेच ढिला होतो. फेकतानाच लूर उडून जात असेल तर गाठीआधी हेच तपासा, आणि फेकीच्या मध्येच रीलची बेल (दोरा रीलवर वळवणारी तारेची कमान) बंद पडत नाही ना, तेही.

ड्रॅग (रीलचा ब्रेक, ठरावीक ताणाला दोरा सोडणारा) ताणकाट्यावर मोजून लावा. 30 पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याच्या पाव हिश्शाला म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास दोरा सुटू लागला पाहिजे. ड्रॅग पूर्ण आवळलेला असेल तर कुठलीच गाठ तुम्हाला वाचवणार नाही. गाठीची ताकद पाहताना दोरा उघड्या हाताला गुंडाळू नका, ब्रेडेड कातडीत शिरतो. जाड फडक्यावर किंवा लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळा.

सुरमईच्या मागे जाणार असाल तर गाठीचा प्रश्नच उरत नाही, तिचे दात फ्लोरोकार्बनही सहज कापतात. तिथे लूरपुढे 15-20 सेंटिमीटर स्टीलची तार हवी. जिताड्यासाठी तार लावू नका, लूरची चाल बिघडते. त्याऐवजी प्रत्येक माशानंतर आणि दगडाला किंवा तिवराच्या मुळांना घासल्यावर लीडरचा शेवटचा हातभर भाग दोन नखांत धरून ओढा. कुठे खरखर लागली की तेवढा कापून गाठ नवी मारा. लीडर अर्ध्या मीटरवर आला की बदलून टाका.