इंजिन बांधण्याआधी मोजून घे

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

जुन्या मारुती ८०० चं इंजिन बॅलन्सिंग आणि ब्लूप्रिंटिंग करून, म्हणजे भागांची वजनं आणि मापं जुळवून, बांधायचं काम तुझ्याकडं आलंय, हे वाचून फार आनंद झाला. पांढरकवडा-वणीच्या बाजूला असं काम सहसा कुणी सांगत नाही. पण गिऱ्हाईकाला आधीच स्पष्ट सांग, यानं गाडी रेसची होणार नाही. कंपनीनं कागदावर जे इंजिन आखलं होतं, ते जास्तीत जास्त तंतोतंत हाती येईल, एवढंच. कारखान्यात ढिगानं नग निघतात, म्हणून प्रत्येक मापाला थोडी सूट दिलेली असते. आपण ती सूट आवळत आणतो आणि तिन्ही सिलिंडर एकसारखे करतो. त्यामुळं यातलं बहुतेक काम मोजण्याचंच आहे.

मोजताना आपला उन्हाळा विसरू नकोस. मापं २० अंश तापमान धरून ठरलेली असतात आणि मे महिन्यात दुपारी तुझ्या टिनाच्या शेडात ४५ अंश असतात. त्यात पिस्टनचं ॲल्युमिनियम ब्लॉकच्या बिडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. ६८.५ मिमीचा पिस्टन २५ अंशांनी तापला, तर साधारण ०.०३ मिमीनं मोठा भरतो. पिस्टन आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, यांत आपण जी फट ठेवतो, तीच मुळी मिमीच्या तीन-चार शतांशांची! म्हणून ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर, बोअर गेज, सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेव आणि पहाटे मोजायला बस. पिस्टन हातात धरून गप्पा मारू नकोस, हाताच्या उबेनंही माप हलतं. बोअर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोज. पिस्टनच्या रिंगच्या दोन टोकांमधला गॅप ज्या बोअरची रिंग त्याच बोअरमध्ये घालून फिलर गेजनं बघ. कॅमचं टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह नेमके कधी उघडतात-मिटतात ते, अंशांच्या खुणांची चकती (डिग्री व्हील) लावून तपास.

हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, काम जरा सावकाश कर. या इंजिनात एक सिलिंडर सुमारे २६५ सीसीचा. पिस्टन वर आल्यावर ३४.५ सीसी जागा उरली, तर कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, ८.७ बसतं. एका सिलिंडरला ती जागा फक्त १ सीसीनं कमी भरली, की तिथं ८.९ होतं. मग तो सिलिंडर बाकीच्यांपेक्षा वेगळा ओढणारच. हेड उलटं ठेव, व्हॉल्व्ह आणि प्लग बसव, ग्रीस लावून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटव आणि ब्युरेटनं रॉकेल सोडून तिन्ही खोलगे मोज.

बॅलन्सिंग त्यानंतरच. बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकणार असशील, तर जुन्यांचं वजन करून काय उपयोग? गावातल्या सोनाराचा काटा चालेल. सगळ्यात हलका पिस्टन धरून बाकीचे त्याच्या बरोबरीला आण, एका ग्रॅमच्या आत. धातू काढायचा तो आतून, पिनच्या बाजूचा. माथ्याला हात लावायचा नाही. कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोल, कारण मोठं टोक क्रँकबरोबर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याबरोबर) गोल फिरतं आणि लहान टोक पिस्टनबरोबर वर-खाली जातं. रॉड आडवा, अगदी समतल राहील असा टांग आणि एकेक टोक काट्यावर टेकव. ज्या रॉडची कॅप त्यालाच राहू दे.

एवढा खटाटोप कशासाठी, ते आकड्यांत बघ. क्रँकच्या ३६ मिमी त्रिज्येवर १० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ३०००  आरपीएमला ते साडेतीन किलोच्या जोरानं बाहेर ओढतं आणि ६००० ला साडेचौदा किलोच्या. वेग दुप्पट, जोर चौपट. तो सगळा मेन बेअरिंगवर येतो.

क्रँक मात्र फिरत्या बॅलन्सिंग मशीनवरच तपासून घ्यावा लागेल, ते आपल्या गॅरेजातलं काम नाही. पाठवताना फ्लायव्हील, क्लचची प्रेशर प्लेट, पुढची पुली आणि तुझ्या वजनांचा कागद सोबत दे. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवर कशी बसवली, त्याची खूण पंचनं दोन्हींवर करून घे, नाहीतर परत जोडताना ती फिरेल आणि मेहनत वाया जाईल. तीन सिलिंडरचं इंजिन पुढून-मागून थोडं डुलतंच. ते बनावटीतलं आहे, वजनं जुळवून जात नाही. आयडलला थरथर उरली, तर गिऱ्हाईकाला तसंच सांग.

बोअरची मापं घेतलीस की वहीच्या पानाचा फोटो पाठव. ब्लॉक बोअरिंगला देण्याआधी मला ते बघायचंय.

तुझा,
काका