सही कुणाची?

"ते गेले. त्यांचं कर्ज आता माझ्या अंगावर का?" वर्षाकाठी कितीतरी बायका हे विचारतात, तेही आवाज खाली आणून, जणू चोरी केलीय.

नाशिककडच्या एक ताई आठवतात (ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत). यजमानांचं हार्डवेअरचं दुकान. ते अचानक गेले आणि तेरावं होतंय तोच वसुलीचे फोन सुरू झाले. क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज. ताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वर सासरे म्हणाले, "बापाचं ऋण मुलाला फेडावंच लागतं." मुलगा बारावीत. ताई पाटल्या विकायचं ठरवूनच माझ्याकडे आल्या होत्या.

मी विचारलं, "कागदावर तुमची सही कुठेकुठे आहे?"

"घराच्या कर्जावर. बाकी कुठेच नाही, मॅडम."

मग घराचे हप्ते त्यांचे. तिथे सुटका नाही. बाकीच्या कर्जांचा बोजा नवऱ्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर, आणि त्यातलं वारसाच्या हाती जेवढं आलं तेवढ्यापुरताच. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं 50 आणि 52 हेच सांगतात. बायकोची कमाई, तिचं स्त्रीधन त्यात येत नाही. दुकानातला माल मात्र येतो. तो घाईने विकून पैसे वाटून टाकू नयेत. सासऱ्यांचं म्हणणं हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मोडीत निघालंय. केवळ मुलगा म्हणून बापाच्या नव्या कर्जाची वसुली त्याच्याकडून होत नाही.

हे सगळं ताईंना पटलं. तरी तिसऱ्या भेटीत पुन्हा तेच, "पाटल्या विकतेच."

"का?"

"लोक म्हणतील, बुडवून गेला."

मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "रोज रात्री माझ्यासमोर जेवायला बसायचे. एकदा तरी सांगायचं ना!" आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हमसून रडल्या. अशा वेळी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करायचा नाही, हे मी या खुर्चीत बसून शिकलेय. गेलेल्या माणसावर रागवायची आपल्याकडे सोय नाही. मग तो राग बाई हप्ते भरून गिळते. कायदा कितीही समजावला तरी ही गाठ सुटेपर्यंत तिचा हात बांगड्यांकडेच जाणार, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतरचं काम सोपं होतं. फोनवर काही कबूल करायचं नाही, नव्या कागदावर सही नाही, 'तात्पुरते' दोन हजारही नाहीत. बँकेला मृत्यूच्या दाखल्यासह लेखी कळवायचं, करारपत्राची प्रत मागायची, कर्जासोबत विमा होता का ते विचारायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. बँकेकडे तक्रार करून 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत.

शेवटच्या भेटीत ताईंनी सांगितलं, शेजाऱ्यांचे हातउसने वीस हजार तेवढे त्यांनी देऊन टाकले. "कुणी मागितले नव्हते. मला द्यावेसे वाटले." पाटल्या हातात होत्या.