आधी नट बघा, मग पाने घ्या

प्रश्न: नमस्कार दादा. मी नाशिकची, वय ४३. दिवाळीत स्वतःसाठी २१ गिअरची हायब्रिड सायकल घेतली, पुढेमागे वायरवाले डिस्क ब्रेक आहेत. मुलाकडे बिनगिअरची साधी सायकल आहे आणि सासऱ्यांची जुनी काळी उंच सायकल पण अजून चालूच आहे. जरा काही झालं की दुकानात न्यायची म्हणजे अख्खा रविवार जातो. ऑनलाइन ४४ नगांचा टूलकिटचा डबा दिसतोय, मिस्टर म्हणतात घेऊन टाक, पण त्यातल्या निम्म्या वस्तू कशाला असतात तेच मला कळत नाही. घ्यावा का? आणि दुरुस्तीसाठी सायकल टांगायचा स्टँड नसला तर चालतं का?

उत्तर: ताई, नका घेऊ तो डबा. कारण तुम्हीच लिहिलंय, निम्म्या वस्तू कशाला असतात तेच कळत नाही. त्यात कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाच्या दात्यांचा संच, काढायचं टूल असणार, काढताना तो संच धरायला साखळीचं हँडल असणार, आणि तुमच्या २१ गिअरच्या सायकलला मागे बहुतेक कॅसेट नसेलच, आटे फिरवून बसवायचं फ्रीव्हील असेल, त्याचं टूल वेगळं. म्हणजे पैसे देऊन डब्यात वजन आणायचं.

त्यापेक्षा असं करा, एक कागद घ्या आणि सायकलपाशी बसून कुठे कोणता बोल्ट आहे ते लिहून काढा. बहुतेक ठिकाणी षटकोनी खड्डा दिसेल, ते ॲलन कीचं काम. हँडल, सीट, ब्रेक, बाटलीचा स्टँड, सगळं ४, ५ आणि ६ एमएममध्ये उरकतं, बारीकसारीक स्क्रूला २.५ किंवा ३ लागते. डिस्कची चकती सहा बोल्टवर असेल तर त्यांना ताऱ्याच्या आकाराचा खड्डा असतो, तिथे टी२५ मापाची चावी. ॲलन कीचा सेट मात्र चांगल्यातला घ्या, इथे काटकसर नको. स्वस्त चावीचे कोपरे झिजतात आणि जाताना बोल्टचा खड्डाही गोल करून जातात, मग तो बोल्ट काढायला दुकानातच जावं लागतं. सेटमध्ये एका टोकाला गोळा असतो ना, तो तिरकं घालून भराभर फिरवायला आहे, शेवटचं आवळणं नेहमी दुसऱ्या टोकाने.

पहिली खरेदी पंप, बाकी सगळं नंतर. पायाखाली धरून मारायचा, हवा दाखवणाऱ्या काट्याचा. तुमच्या ट्यूबचा वॉल मोटारसायकलसारखा जाड असेल तर तो श्रेडर, बारीक असून टोकाला छोटा नट असेल तर प्रेस्टा, दोन्हीला चालणारा पंप मागा. हवा किती ते टायरच्या कडेलाच छापलेलं असतं, ते वाचा. सासऱ्यांच्या सायकलला बहुतेक जुन्या पद्धतीचा, वॉलट्यूबवाला (आत बारीक रबरी नळी असलेला) वॉल असणार, तिथे काटा खरं सांगत नाही, कारण ते रबर उघडायला लागणारा जोर पण काटा धरतो, तिथे आपला अंगठाच बरा. चार इंच वॉलट्यूब डब्यात टाकून ठेवा, कुजली की हवा टिकत नाही आणि माणूस उगाच पंक्चर शोधत बसतो.

पंक्चरसाठी प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन, सँडपेपर आणि एक जादा ट्यूब. स्क्रू ड्रायव्हरने टायर काढायला जाऊ नका, एक भोक बुजवताना दुसरं पडतं. सोल्युशन लावल्यावर लगेच पॅच चिकटवायचा नाही, चकाकी जाईपर्यंत वाळू द्यायचं, नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात (मीही करायचो). आणि नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून चिंधी फिरवा, बाभळीचा काटा अजून तिथेच असतो.

चेन झिजली की नाही बघायला वेगळं गेज मिळतं, पण सुरुवातीला मुलाच्या कंपासमधली एक फुटी पट्टी पुरे, तिच्यावर १२ इंच पूर्ण असले म्हणजे झालं. चेनची एक पिन शून्यावर धरा, नव्या चेनची त्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदला, आठवा भाग पुढे गेली असेल तर मागचे दाते पण गेलेच समजा. तेल चेनचंच घ्या, खोबरेल नको, नाशिकच्या थंडीत ते थिजतं. प्रत्येक कडीवर एक थेंब, पॅडल उलटं फिरवायचं, मग बाहेरचं सगळं पुसून काढायचं, कारण बाहेरच्या तेलाला फक्त धूळ चिकटते. स्प्रे मात्र डिस्कच्या आसपास अजिबात नको, पॅडला तेल लागलं की ब्रेक ओरडतो आणि धरतही नाही.

मुलाच्या सायकलसाठी आणि पॅडलसाठी १५ एमएमचा पाना लागेल, पण आधी नटावर लावून बघा. पॅडलला जागा कमी असते म्हणून पातळ पाना घ्या. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी पाइप लावून जोर करत राहिलो आणि क्रँकचे, म्हणजे पॅडलच्या दांड्याचे, आटेच उडवले. लक्षात ठेवायला सोपं: पाना वर उभा धरून सायकलच्या पुढच्या बाजूला ओढला की आवळतं, मागे ओढला की सुटतं, दोन्हीकडे.

स्टँड नकोच. घरात झोपाळ्याच्या कड्या आहेत का? दोरीने सीटखालून लटकवा, मागचं चाक हवेत आलं की गिअर लावणं, चेन पुसणं सगळं होतं. नसतील तर सायकल उलटी ठेवा, हँडलखाली जुनं पोतं.

चाकाचा बाक काढणं आणि मधल्या एक्सलचं बेअरिंग हे दुकानातच. काळ्या सायकलच्या क्रँकला कॉटर पिन (क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी पाचर) असेल तर तीही तिथेच ठोकून घ्या, घरी ठोकताना तिचे आटे वाकतात.

प्रश्न: मी पुण्यात शिकतो, सेकंडहँड कार्बनची रोड बाइक घेतलीय. टॉर्क रेंच खरंच लागतो का, की दुकानदार उगाच घाबरवतात?

उत्तर: तुला लागतो, बोल्ट किती जोराने आवळतोय ते हा पाना सांगतो. वरच्या ताईंना मी सांगितला नाही कारण त्यांचं हाताच्या अंदाजाने भागेल, पण कार्बन जास्त आवळला की आतून तडा जातो आणि तो वरून दिसेलच असं नाही. हँडलच्या क्लॅम्पवर ५ एनएम (न्यूटन मीटर, आवळण्याच्या जोराचं माप) वगैरे आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. महागातला नको, छोट्या आकड्यांवर चालणारा घे, मोटारीचा मोठा रेंच ५ वर नीट चालत नाही. आणि सीटपोस्ट कार्बनचा असेल तर त्याला ग्रीस लावू नकोस, कार्बनची वेगळी खरखरीत पेस्ट मिळते, ती लाव.