पॅराकोलिक गटर पाठ करू नकोस, पाणी ओतून बघ

अरे, अ‍ॅनाटॉमीच्या अभ्यासात तुझी गाडी पॅराकोलिक गटरपाशी, म्हणजे पोटात मोठ्या आतड्याच्या (कोलनच्या) बाहेरच्या कडेनं जाणाऱ्या पन्हळीपाशी अडली म्हणतोस, तर नावं घोकणं आधी थांबव. डिसेक्शन हॉलमध्ये उजवा हात असेंडिंग कोलनच्या (उजवीकडे वर चढणाऱ्या मोठ्या आतड्याच्या) बाहेरच्या अंगाला ठेव आणि वर सरकव. तो हिपॅटिक फ्लेक्शरवरून (यकृतापाशी कोलन वळतो तिथून) थेट यकृताखाली, मॉरिसन पाउचमध्ये, म्हणजे यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधल्या खोलगट जागेत जातो. खाली सरकवलास तर ओटीपोटात उतरतो. वाटेत कुठेच आडकाठी नाही.

आता तेच डावीकडे कर. हात स्प्लीनच्या (प्लीहेच्या) खाली अडेल. ती आडवी घडी म्हणजे फ्रेनिकोकोलिक लिगामेंट. डावं गटर अरुंदही असतं. व्हायवात हा फरक हमखास विचारतात.

खरी मजा पुढे आहे. ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) अल्सर फुटला की आतला द्रव उजव्या गटरमधून ओघळत उजव्या इलियाक फॉसात (पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात) साचतो आणि दुखणं हुबेहूब अपेंडिक्ससारखं वाटतं. मूकपटांचा नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो 1926 मध्ये असल्याच दुखण्यानं गेला, म्हणून या प्रकाराला व्हॅलेंटिनो सिंड्रोम म्हणतात. रुग्ण उताणा झोपला असेल तर ओटीपोटातला पूही याच वाटेनं उलटा वर चढू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी आधी विचार, पेशंट बसलाय की झोपलाय?

कोलनच्या आतल्या बाजूची गटरं थोडक्यात: उजवं खाली मेसेंटरीच्या (लहान आतडं मागच्या भिंतीला बांधून ठेवणाऱ्या पडद्याच्या) मुळापाशी बंद होतं, डावं ओटीपोटात उघडतं. ते मूळ जेमतेम 15 सेंटीमीटरचं, डावीकडून वरून उजवीकडे खाली तिरकं. वहीत आधी ती तिरकी रेघ ओढ, बाकीचं चित्र तिच्याभोवती काढ.