चीगाँग, ध्यान आणि काढे: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात चीगाँग या चिनी व्यायामपद्धतीची ओळख करून दिली, त्यावर बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: वय ६२. गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. बादुआनजिन घरच्या घरी शिकता येईल का? (सातारा)

उत्तर: येईल, आणि चीगाँगच्या सगळ्या प्रकारांत सुरुवातीला हाच घ्यावा. बादुआनजिन म्हणजे जरीवस्त्राचे आठ तुकडे, थोडक्यात आठ हालचालींची माळ. चीनच्या क्रीडा खात्याने २००३मध्ये त्याचं एक प्रमाण रूप ठरवलं. त्यात पहिल्या सात हालचाली प्रत्येकी सहा वेळा आणि शेवटची सात वेळा करतात. सगळं मिळून साधारण १२ मिनिटं लागतात.

उभं राहताना पावलं समांतर, खांद्याइतकी लांब. गुडघे ताठ कुलूपबंद नकोत, किंचित सैल हवेत. हनुवटी थोडी आत.

पहिली हालचाल 'आकाश उचलणं'. ओटीपोटापाशी बोटं एकमेकांत गुंफा, तळवे वर. श्वास घेत हात छातीपर्यंत आणा, तिथे तळवे फिरवून वर ढकला. दोन क्षण ताण धरा, मग श्वास सोडत हात बाजूंनी खाली. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कंबर मागे वाकणं. हात पूर्ण वर जात नसतील तर कपाळापर्यंत न्या, पण कंबरेतून उंची चोरू नका.

दुसरी 'धनुष्य ताणणं'. पाय फाकवून थोडं खाली बसायचं, एक हात बाजूला लांब, दुसरा दोरी ओढल्यासारखा खांद्यापाशी. गुडघे आत पडले की तिथेच दुखणं सुरू होतं. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा आणि चार बोटंच खाली बसा. तेवढं पुरतं.

तिसरीत एक तळवा आकाशाकडे, दुसरा जमिनीकडे दाबायचा. ही सगळ्यांना जमते. चौथीत मान वळवून मागे पाहायचं. धड पुढेच राहायला हवं, नुसती मान वळते. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल किंवा मान वळवल्यावर गरगरत असेल तर अर्ध्यावर थांबा.

पाचवी, 'डोकं हलवणं, शेपूट झुलवणं', गुडघ्यांवर सर्वांत भारी. तुम्ही पहिले तीन महिने ती सोडून द्या, पुढे खुर्चीत बसून करा. सहावीत कंबरेतून वाकून हात पायांच्या मागच्या बाजूने पावलांपर्यंत नेतात. काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा हाडांची ठिसूळता असलेल्यांनी मांडीपर्यंतच वाकावं. डोकं हृदयाच्या खाली गेलं की डोळ्यांतला दाब वाढतो, आणि ठिसूळ मणक्यांना पुढे वाकणं सोसत नाही.

सातवीत मूठ आवळून डोळे वटारत ठोसा मारल्यासारखा हात सावकाश पुढे न्यायचा. रक्तदाब असलेल्यांनी नेमकं इथेच जपायचं, कारण जोर लावताना माणूस नकळत श्वास कोंडतो आणि रक्तदाब एकदम चढतो. ठोसा पुढे जाताना तोंडाने 'हू' असा हलका आवाज काढलात तर श्वास कोंडताच येत नाही. आठवीत टाचा उचलून खाली सोडतात. प्रमाण रूपात टाचा हलक्या आपटतात. तुम्ही खुर्चीची पाठ धरून अलगद टेकवा.

पहिला आठवडा पहिली, तिसरी आणि आठवी, इतकंच करा. दुसऱ्या आठवड्यात दुसरी आणि सातवी जोडा, मग चौथी आणि सहावी.

रक्तदाबाबद्दल स्पष्ट सांगतो. चीगाँगने तो थोडा उतरल्याचे अभ्यास आहेत, पण बरेचसे छोटे आहेत, आणि आपण व्यायाम करतोय हे सहभागी लोकांना माहीत असतं. गोळीची जागा घेईल असं त्यातून म्हणता येत नाही. घरी यंत्र असेल तर पाच मिनिटं शांत बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. महिन्याभराची वही डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची की नाही, ते ठरवतील.

प्रश्न: सराव करताना तळव्यांत मुंग्या येतात, हात गरम होतात. हीच ची का? (डोंबिवली)

उत्तर: चिनी भाषेत 'ची' हा रोजचा शब्द आहे. हवा, वाफ, श्वास हे त्याचे अर्थ. हवामान म्हणजे तियानची, राग येणं म्हणजे शंगची. शरीरातून वाहणारी ऊर्जा हा त्याचा एक अर्थ, आणि तो आजवर कोणत्याही उपकरणाने मोजता आलेला नाही. तुम्हाला जाणवतं ते खोटं नाही, फक्त त्याची कारणं साधी आहेत. सैल सोडलेल्या हातांतलं रक्ताभिसरण वाढतं. एकाच जागी लक्ष धरलं की एरवी न जाणवणाऱ्या संवेदना जाणवतात. 'खोल श्वास घ्या' म्हटल्यावर अनेकजण गरजेपेक्षा जास्त श्वास घेतात, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना, ओठांभोवती झिणझिण्या येतात. श्वास हळू आणि छोटा करून पाहा. झिणझिण्या गेल्या, तर कारण हेच होतं.

मात्र सराव नसतानाही रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दबलेली असू शकते. तळपायांत कायम असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. या दोन्ही मुंग्यांना 'ची जागी झाली' म्हणत बसण्यात वेळ जातो आणि नस खराब होत राहते.

प्रश्न: एक गुरू व्हिडिओ कॉलवर 'बाह्य ची' पाठवून उपचार करतात. आईला तेवढ्या वेळात खरंच बरं वाटलं. यावर विश्वास ठेवावा का? (नाशिक)

उत्तर: आईंना बरं वाटलं, हे आम्ही नाकारत नाही. कुणी आस्थेने अर्धा तास आपल्यासाठी दिला, आपण स्वस्थ पडून राहिलो, की दुखणं हलकं होतं. प्रश्न इतकाच, की ते गुरूंनी काही पाठवल्यामुळे झालं का?

हे तपासायची रीत सोपी आहे आणि ती चीनमध्येच वापरली गेली. १९८०च्या दशकात तिथे चीगाँगची प्रचंड लाट होती. कानाने अक्षरं वाचणारी मुलं, हात न लावता रोग्याला हलवणारे गुरू, सगळं वर्तमानपत्रांतून छापून येत होतं. १९८८मध्ये असे दावे तपासून पाहणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळींचं एक पथक तिथे गेलं. त्यात जादूगार जेम्स रँडीही होते. एका गुरूंच्या 'ची'ने त्यांची रुग्ण अंग वळवत असे. पथकाने दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवलं आणि गुरूंनी ची कधी सोडायची हे नाणं उडवून ठरवलं. रुग्णाच्या हालचालींचा आणि ची सोडण्याच्या वेळांचा मेळ बसला नाही.

तुम्हीही करू शकता. गुरूंना दहा वेळा प्रत्येकी पाच मिनिटं द्या. दर वेळी ची पाठवायची की नाही, हे नाणं ठरवेल आणि गुरूंपाशी बसलेला तुमचा माणूस लिहून ठेवेल. आई दुसऱ्या खोलीत, कॅमेरा आणि आवाज दोन्ही बंद, तिला 'आता आली' वाटलं तर तिने लिहायचं. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवा. दहापैकी पाचच्या आसपास मेळ तर नुसत्या अंदाजानेही बसतो. सतत नऊ-दहा बसला तर आम्हाला जरूर कळवा. गुरू नकार देत असतील, तर फी भरण्याआधी थांबा. आणि ते आईची औषधं बंद करायला सांगत असतील, तर चाचणीचीही गरज नाही, संबंध तोडा.

प्रश्न: झाडाला मिठी मारल्यासारखं उभं राहण्याच्या सरावात पाय थरथरतात, एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली. (पुणे)

उत्तर: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जान ज्वांगमध्ये, म्हणजे तुम्ही करता त्या उभं राहण्याच्या सरावात, मांड्या थरथरणं म्हणजे स्नायू दमणं. ते चालतं. अंधारी चालत नाही. गुडघे ताठ ठेवून निश्चल उभं राहिलं की पोटऱ्यांचा पंप बंद पडतो, रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पोचतं. उपाशीपोटी, उन्हात, किंवा रक्तदाबाची वा प्रोस्टेटची काही औषधं घेणाऱ्यांत हे लवकर घडतं. गुडघे सैल, हात खांद्यांच्या खाली, आणि पहिल्या आठवड्यात फक्त दोन मिनिटं. पुढे दर आठवड्याला एक मिनिट वाढवून दहावर थांबा. अंधारी येतेय असं वाटताच पोटऱ्या आवळा, जागेवर पावलं टाका, आणि तरीही वाटत राहिलं तर खाली बसा. पुन्हा झालं तर डॉक्टरांकडे बसून आणि उभं राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्या.

प्रश्न: रोज दोन तास ध्यान करू लागल्यापासून झोप उडाली, छातीत धडधड, विचित्र भीती. शिक्षक म्हणतात, 'मळ बाहेर पडतोय, चालू ठेवा.' (कोल्हापूर)

उत्तर: चालू ठेवू नका. चिनी साधकांमध्ये या अवस्थेला 'जौ हुओ रू मो' हे जुनं नाव आहे: आग भरकटली, भूत शिरलं. म्हणजे अतिसराव बाधतो, हे परंपरेलाही ठाऊक होतं. चीनमधल्या मनोविकारतज्ज्ञांनी चीगाँगच्या लाटेत असे रुग्ण पाहिले, आणि अमेरिकेच्या मनोविकारांच्या वर्गीकरणाच्या १९९४च्या आवृत्तीतही त्याची नोंद झाली.

आठवडाभर ध्यान पूर्ण बंद. मग रोज दहा मिनिटं, डोळे उघडे, श्वासाऐवजी तळपायांच्या स्पर्शाकडे लक्ष, शक्यतो चालता चालता. संध्याकाळनंतर नको. स्वतःला किंवा घरात कुणाला आधी द्विध्रुवी (बायपोलर) विकार वा स्किझोफ्रेनिया झाला असेल, तर लांबलचक शिबिरं टाळा. इगतपुरीच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात. ती कधीही लपवू नका. सलग दोन-तीन रात्री झोपच नसेल, आवाज ऐकू येत असतील, किंवा आपल्याला खास संदेश मिळतोय असं वाटत असेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न: चिनी काढ्यांत आणि आपल्याकडेही जेष्ठमध असतं. रोज घेतलं तर चालेल का? एकूणच वनस्पती 'नैसर्गिक' म्हणून निर्धोक समजाव्यात का? (छत्रपती संभाजीनगर, ठाणे)

उत्तर: चिनी वैद्य ज्याला गानत्साओ म्हणतात ते जेष्ठमधच, आणि ते त्यांच्या असंख्य काढ्यांत पडतं. खोकल्याला दोन-चार दिवस चघळलं तर काही बिघडत नाही. रोज महिनोन् महिने घेण्यात अडचण आहे. त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) अडवतं. मग शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक मीठ धरून ठेवायला लागतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. परिणामी रक्तदाब चढतो, पायांना सूज येते, पाय गळतात, धडधड होते. युरोपात रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही वरची मर्यादा सांगितलेली आहे. जेष्ठमधाच्या मुळीत ते ४ टक्के धरलं तरी अडीच ग्रॅम पुडीतच ती गाठली जाते, म्हणजे चहाच्या चमच्याभरात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी ते टाळावंच.

दुसरा धोका चुकीच्या वनस्पतीचा, आणि तो फार मोठा आहे. १९९०च्या सुमाराला ब्रुसेल्समधल्या वजन घटवण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या पुड्या दिल्या गेल्या. हवी होती 'हान फांगजी', आली 'ग्वांग फांगजी'. नावं जवळपास सारखी, पण दुसरीत अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं बिघडली, अनेकींची पूर्ण निकामी झाली, आणि पुढे त्यांतल्या काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडची ईश्वरी, जिला सापसन म्हणतात आणि साप चावल्यावर द्यायची प्रथा होती, ती याच कुळातली. ती पोटात घेऊ नका.

करोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नव्हती. वाद काहीही असो, घरातल्या माणसाने करायचं ते एकच: अंगणातली वेल नक्की कोणती, हे ओळखणाऱ्याकडून तपासल्याशिवाय रस काढू नका, आणि कावीळ, गडद लघवी, खाज दिसली की लगेच थांबून यकृताची तपासणी करा.

बचनाग या विषारी मुळीबद्दल इतकंच: चिनी काढ्यातला फूझी हा त्याचाच भाऊबंद. तो आधी शुद्ध करून मग बराच वेळ उकळतात, तेव्हा विष उतरतं. कमी उकळला तर ओठ-जीभ बधिर होऊन हृदयाचे ठोके बिघडतात. घरी कधीच नाही.

प्रश्न: मलेरियाचं नोबेल मिळालेलं औषध चिनी वनस्पतीतूनच आलं ना? मग दवण्याचा चहा प्यायला काय हरकत? (रत्नागिरी)

उत्तर: आलं, आणि कसं आलं हे पाहिलं की चहाचं उत्तर मिळतं. आर्टेमिसिनिन या त्या औषधासाठी चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांना २०१५मध्ये नोबेल मिळालं. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या नुस्ख्यात छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितलं होतं, उकळायला नाही. त्यावरून त्यांना वाटलं की उष्णतेने गुण जात असावा, म्हणून त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला. तेव्हा कुठे तो नेमाने परिणाम देऊ लागला. उकळत्या चहात द्रव्य फार कमी उतरतं आणि प्रत्येक कपात वेगळं. त्याने मलेरिया अर्धवट दबतो आणि जंतू औषधाला निर्ढावण्याची भीती असते. जागतिक आरोग्य संघटना असा चहा उपचार म्हणून मान्य करत नाही.

शिवाय जोतिबाला वाहतात तो दवणा छिंगहाओच्याच गणातला असला तरी जात वेगळी आहे. तो देवाला वाहा, गजऱ्यात माळा. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. तिथे मलेरियाची तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात.