भागाकार आधी हातांना कळू दे

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

धाकट्या बहिणीला पाढे पाठ आहेत, पण भागाकाराचे उदाहरण समोर आले की ती पेन्सिल खाली ठेवते, असे तू लिहिले आहेस. तिला आणखी उदाहरणे घालून देऊ नकोस. काही दिवस वही मिटून ठेव आणि वाटीभर चिंचोके घेऊन तिच्यासोबत जमिनीवर बैस. दुकानातला महागडा संच आणण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासूनच शिक्षणाची साधने तयार केली होती. त्या वस्तूंनी मुले उत्तम शिकली.

आता मुख्य गोष्ट. भागाकारात दोन वेगळे प्रश्न असतात आणि घरात आपण त्यांतला एकच विचारतो. बारा चिंचोके तिघांत सारखे वाटले तर प्रत्येकाला किती मिळतील, हा वाटणीचा प्रश्न मुलांना शाळेत जाण्यापूर्वीपासून ठाऊक असतो, कारण खाऊ वाटताना कोणाला कमी मिळाले हे त्यांच्या लगेच लक्षात येते. दुसरा प्रश्न असा, की बारा चिंचोक्यांतून तीन-तीनचे ढीग काढत गेलो तर किती ढीग होतील. उत्तर दोन्हीकडे चारच येते, परंतु हातांची कृती निराळी असते: पहिल्यात माणसे ठरलेली असतात आणि वाटा शोधायचा असतो, तर दुसऱ्यात वाटा ठरलेला असतो आणि ढीग मोजायचे असतात. शाळेत फळ्यासमोर ‘बारात तीन किती वेळा जातात’ असे विचारले जाते, तेव्हा तो हा दुसरा प्रश्न असतो. ज्या मुलीने आयुष्यात फक्त वाटणी केली आहे तिला तो परका वाटतो, आणि माझ्या मते तुझ्या बहिणीची अडचण बहुधा इथेच आहे. म्हणून काही दिवस जाणीवपूर्वक ढिगांचे खेळ खेळ. वीस चिंचोक्यांतून चार-चार उचलून बाजूला ठेवायचे आणि प्रत्येक वेळी किती उरले ते मोठ्याने सांगायचे. त्यानंतर तेच बारा चिंचोके तीन ओळींत चार-चार मांड आणि तिला आधी एका बाजूने, मग वळून दुसऱ्या बाजूने पाहायला सांग. तिला पाठ असलेला पाढा आणि हा भागाकार एकाच मांडणीत आहेत, हे तिला आपले आपण दिसले पाहिजे. तू सांगण्याची घाई करू नकोस.

बाकी हा शब्द लवकर येऊ दे. नेहमी नि:शेष भाग जाणाऱ्याच संख्या दिल्या, तर उरलेला चिंचोका ही आपली चूक आहे असे मुलांना वाटू लागते. उरलेल्याचे काय करायचे, हे प्रसंगावर अवलंबून असते. चौदा मुलींना एका बाकावर चार याप्रमाणे बसवायचे, तर बाक चार लागतील. चौदा पणत्या चार-चारच्या खोक्यांत भरायच्या, तर भरलेली खोकी तीनच होतील. चौदा भाकऱ्या चौघांत वाटायच्या, तर प्रत्येकाला साडेतीन. संख्या त्याच, तरी उत्तरे तीन, आणि तिन्ही बरोबर! तुमच्या घरात कोणा वडीलधाऱ्यांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, येत असेल तर तो तिला जरूर ऐकव. त्यात चौथ्या पायरीवर हेच चौदा भेटतात.

पत्त्यांइतके चांगले साधन मला दुसरे माहीत नाही. मेंढीकोटला चौघांत बावन्न पाने वाटली की प्रत्येकाच्या हातात तेरा येतात. पाच-तीन-दोनमध्ये तिघेजण असतात आणि पाने तीसच घेतात. ती सगळी बावन्न का घेत नाहीत, हे तिला वाटून पाहू दे. सतरा-सतरा वाटून एक पान हातात राहिले की तिला कारण कळेल. मग विचार, की सहाजणांना सारखी पाने द्यायची तर कोणती बाजूला काढावी. चारही दुर्र्या काढल्या तर अठ्ठेचाळीस उरतात आणि प्रत्येकाला आठ मिळतात. वाटताना तिच्या हातांकडे लक्ष ठेव. सुरुवातीला ती एकेक पान टाकेल, पुढे कधीतरी दोन-दोन किंवा पाच-पाच टाकू लागेल. हा बदल फार मोलाचा आहे, कारण किती मोठा घास एका वेळी वाटता येईल याचा अंदाज घेणे हेच पुढे मोठ्या भागाकारात करायचे असते.

मोठ्या संख्यांसाठी खेळातल्या नोटा वापर. चौऱ्याहत्तर रुपये, म्हणजे दहाच्या सात नोटा आणि चार सुटी नाणी, तिघांत वाटायला सांग. प्रत्येकाला दोन नोटा गेल्या की एक उरते. ती तशी वाटता येत नाही, म्हणून ती मोडून दहा सुटे घ्यावे लागतात. आधीच्या चारांसह ते चौदा होतात, प्रत्येकाला चार मिळतात आणि दोन रुपये शिल्लक राहतात. वहीत आपण ‘वरचा चार खाली उतरवला’ म्हणतो, त्याचा अर्थ इतकाच आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार उजवीकडून आणि भागाकार मात्र डावीकडून का, असे तिने विचारले तर उत्तर देऊ नकोस, नाण्यांपासून वाटून पाहायला सांग. उत्तर तेच येईल, पण नोट मोडल्यावर नाणी पुन्हा दुसऱ्यांदा वाटावी लागतील, आणि मोठ्यापासून सुरुवात केलेली बरी हे तिचे तीच ठरवील.

चारशे आठला चारने भागताना बरीच मुले बारा लिहून मोकळी होतात. शंभराच्या चार नोटा आणि आठ नाणी समोर असतील, तर ते घडत नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात शंभराची एक नोट, दहाची एकही नाही आणि दोन नाणी असतात. त्या रिकाम्या जागेसाठी शून्य लिहायचे, हे मग वेगळे पाठ करावे लागत नाही.

लेखी मांडणी या सगळ्यानंतर घे, आणि तीही हातांनी जे केले त्याची नोंद म्हणून. ती एक कृती करील, तू ती आकड्यांत लिही. काही दिवसांनी कामे बदला. पडताळा मात्र पहिल्या दिवसापासून तिच्याकडूनच करून घे: चोवीस त्रिक बहात्तर, अधिक दोन, चौऱ्याहत्तर. ही सवय लागली की उत्तर बरोबर आहे का, हे विचारायला ती तुझ्याकडे येणार नाही.

वेळ रोज थोडाच ठेव आणि ती कंटाळण्यापूर्वी थांब. चिंचोके आणि नोटा तू होऊन काढून घेऊ नकोस. संख्या मोठी झाली की वाटत बसणे तिलाच लांबलचक वाटेल आणि ती वही मागेल. तरीही एखाद्या उदाहरणाला अडली, तर वाटी पुन्हा तिच्यापुढे सरकव आणि ‘तू आता तिसरीत आहेस’ असे चुकूनही म्हणू नकोस.