भ्रष्टाचाराविरुद्ध सामाजिक संस्थांचा खरंच काही उपयोग होतो का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: उपयोग होतो का, आणि सामील व्हायचं तर कोणत्या संस्थेत व्हावं. त्याखाली तुम्हीच लिहिलंय, ‘शेवटी सगळे फंड खायलाच बसलेत.’ खरं सांगायचं तर मी या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहितेय. आमच्या घरात प्रत्येक दिवाळीला ते ऐकावं लागतं.

उपयोग होतो. पण मेणबत्त्या लावून होत नाही. सरकारी कागद गावात आणायचा आणि त्यावर ज्यांची नावं आहेत त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा, यानेच होतो.

मी बीड जिल्ह्यातली. दसरा झाला की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं, सांगली-कोल्हापूरकडे, काही टोळ्या कर्नाटकात. परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे. २००९-१० च्या हंगामात गावात रोजगार हमीचं नालाबांधाचं काम निघालं. बांध निम्माच झाला, कागदावर मात्र पुरा. तालुक्यात एक मजूर संघटना होती. तिच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात हजेरीपट आणि एमबीच्या, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं लिहितात त्या वहीच्या, प्रती मागितल्या. आधी ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. अपील केल्यावर एप्रिलमध्ये झेरॉक्सचा गठ्ठा हातात पडला.

वाचन १ मेच्या ग्रामसभेत ठेवलं, कारण तोवर ऊसतोडवाले घरी आलेले असतात. मी तेव्हा बी.ए. करत होते, आवाज मोठा, म्हणून वाचायला मला उभं केलं. त्याआधी संघटनेच्या माणसाने स्वतःचा हिशोब वाचला: झेरॉक्सचे इतके, जीपच्या डिझेलचे इतके, देणगी अमक्याकडून. मग मी सुरू केलं. नाव वाचायचं, आठवडा वाचायचा, हजेऱ्या किती, रुपये किती, आणि थांबायचं.

जानेवारीतल्या एका आठवड्यात एका बाईच्या नावापुढे सहा हजेऱ्या होत्या. ती मांडीवर पोर घेऊन समोरच बसलेली. उठून म्हणाली, ‘म्या तवा कारखान्यावर व्हते. ही पोरगी त्याच आठवड्यात झाली. मंग हितं माती कुनी उपसली?’ आणि प्लास्टिकच्या पिशवीतून पोरीचा जन्मदाखला काढून तिने माझ्या हातात दिला. कारखान्याजवळच्या ग्रामपंचायतीचा शिक्का, जानेवारीतली तारीख. दाखला आणि हजेरीपट मी शेजारी शेजारी धरून वाचले. त्यानंतर माणसं आपापलं नाव विचारायला उठायला लागली. कुणाचं पोस्टाचं पासबुक कधी त्याच्या हातातच आलं नव्हतं. सगळी पासबुकं एकाच्या घरी गठ्ठ्याने पडलेली आणि पैसे काढायच्या स्लिपांवर भलत्याचेच अंगठे. ऑडिट करणाऱ्याला त्या हजेरीपटात काय सापडणार होतं? बेरीज बरोबर होती, सह्या होत्या. ती बाई त्या आठवड्यात कुठे होती हे फक्त गावाला माहीत होतं.

ही रीत आमच्याकडची नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई घेतली, तिथेही मजुरीचे कागद असेच वाचले गेले. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं. माहिती अधिकाराची मागणी मजुरीच्या भांडणातून अशी वर आली. पुढे केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षण आलं, म्हणजे हीच गोष्ट कायद्याने.

आता आमचे आप्पा, माझे थोरले चुलते, निवृत्त ग्रामसेवक. त्यांचं म्हणणं, ‘प्रकरण आपसात मिटलं असतं. संस्थावाले आले, भांडणं लावून गेले, गावाची बदनामी झाली.’ गेले नव्हते, हेच मला सांगायचंय. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून त्या बाईच्या नवऱ्याला मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीला टोळी नेणाऱ्याकडून, निरोप, दाखला परत घे, नाहीतर पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मिळणार नाही. उचल नाही म्हणजे पावसाळाभर खायचं काय? संघटनेच्या बाया तिच्या घरी जाऊन बसल्या, दुसऱ्या मुकादमाशी बोलून नवराबायकोला त्याच्या टोळीत कोयता लावून दिला, चौकशीला तालुक्याला जाताना प्रत्येक वेळी सोबत गेल्या. वसुलीचा आदेश निघाला, थोडी रक्कम भरली गेली, एक जण निलंबित झाला आणि काही काळाने पुन्हा कामावर आला. बांधाचं उरलेलं काम मात्र त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पुरं झालं. मला ही कमाई छोटी वाटत नाही.

२०११ मध्ये तालुक्याला ‘मी अण्णा’च्या टोप्या घातलेली मोठी रॅली निघाली. आमच्या ग्रामसभेत तोंड न उघडलेले कितीतरी जण तिच्यात पुढे होते. त्या आंदोलनाने मागितलेला लोकपाल कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संसदेत मंजूर झाला, पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. दिल्लीतल्या एका मोठ्या खुर्चीने गावातला हजेरीपट सुधारेल, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. अण्णा हजारेंचं श्रेय नाकारत नाही. राज्याचा २००२ चा माहिती अधिकार कायदा त्यांच्या आंदोलनाच्या रेट्याने आला.

कोणती संस्था निवडायची, तर नाव सांगणार नाही, कारण तुमचा जिल्हा मला माहीत नाही. त्यांचा स्वतःचा हिशोब मागा. आणि तक्रार केलेल्या माणसाला त्रास सुरू झाल्यावर हे कुठे होते, ते त्या माणसालाच विचारा. एकट्याने अर्ज टाकून मोठ्या माणसाशी वैर घेऊ नका. तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी जमिनींचे घोटाळे बाहेर काढत होते, जानेवारी २०१० मध्ये त्यांचा खून झाला.

हेही खरं की माहिती मागवून नंतर तडजोडीला बसणारे ‘कार्यकर्ते’ प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि फंड खाणाऱ्या संस्थाही आहेत. अशांचे अर्ज कपाटात राहतात, चावडीवर वाचले जात नाहीत. फरक ओळखायला तेवढं पुरतं.

आप्पा, चुलतभाऊ हे तुम्हाला वाचून दाखवेल. आपसात मिटलं असतं म्हणता, तर ते कोणी कोणाशी मिटवलं असतं? त्या बैठकीला ती बाई असती का?